‘ट्यूब लिकेज’मुळे संच बंद म्हणजे नेमकं काय? कोराडी-खापरखेड्याच्या बॉयलरपासून गावच्या राईस मिलपर्यंत

उन्हाळा तापला, विजेची मागणी वाढली की एक बातमी हमखास येते. अमुक केंद्राचा तमुक संच ‘बॉयलर ट्यूब लिकेज’मुळे बंद पडला. दोन ओळींची बातमी. आपण ती वाचतो, बोटाने वर सरकवतो आणि पुढे जातो. संध्याकाळी डीपीवरची लाईन गेली की महावितरणच्या लाईनमनला फोन करतो. पण ती दोन ओळींची बातमी आणि आपल्या वावरातली बंद मोटार, यांच्यामध्ये एक नळी आहे. दोन-अडीच इंच व्यासाची, पाच-सहा मिलिमीटर जाडीची लोखंडी नळी. तिच्यातून पाणी नीट फिरलं तर वीज, नाही फिरलं तर बातमी.

नागपूर जिल्ह्याला हा विषय जेवढा जवळचा आहे तेवढा राज्यात फार कमी जिल्ह्यांना असेल. कामठी तालुक्यात कोराडी, सावनेर तालुक्यात खापरखेडा, मौदा तालुक्यात एनटीपीसी. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन नवे संच आहेत, खापरखेड्यात २१० चे चार आणि ५०० चा एक, मौद्यात ५०० चे दोन आणि ६६० चे दोन. राज्य या बॉयलरच्या विजेवर चालतं, राख मात्र आपल्या शिवारात पडते. तेव्हा निदान हे बॉयलर चालतात कसे आणि बिघडतात कसे, हे आपल्याला माहीत असायलाच पाहिजे.

आधणाच्या पातेल्यात सगळं दिसतं

चुलीवर आधण ठेवलं की पाणी मधून वर येतं आणि कडेने खाली जातं. तांदळाचे दाणे टाका, ते फिरताना दिसतील. गरम पाणी हलकं, थंड पाणी जड, म्हणून हे फिरणं आपोआप होतं. वीज केंद्राच्या मोठ्या बॉयलरमध्ये हेच होतं, फक्त पातेल्याऐवजी पंधरा-वीस मजली उंच भट्टी असते.

भट्टीच्या चारही भिंती विटांच्या नसतात, नळ्यांच्या असतात. एकाला एक चिकटून उभ्या शेकडो नळ्या. याला ‘वॉटरवॉल’ म्हणतात, म्हणजे पाण्याची भिंत. वरती एक भलामोठा आडवा डबा असतो, तो ‘ड्रम’. ड्रममधलं पाणी भट्टीच्या बाहेरून जाणाऱ्या जाड पाइपांनी खाली येतं. त्या पाइपांना आच लागत नाही, म्हणून त्यातलं पाणी जड. खाली येऊन तेच पाणी भिंतीच्या नळ्यांत शिरतं. तिथे आच लागते, पाण्याचे बुडबुडे होतात, पाणी-वाफेचं मिश्रण हलकं होऊन वर ड्रममध्ये जातं. ड्रममध्ये वाफ वेगळी होऊन टर्बाईनकडे जाते, उरलेलं पाणी पुन्हा खाली. या फेऱ्यासाठी पंप लागत नाही. २१० मेगावॅटच्या संचात साधारण हीच पद्धत असते.

एका फेरीत सगळ्या पाण्याची वाफ होत नाही, आणि होऊही द्यायची नसते, हे इथे लक्षात घ्यायचं. एक किलो वाफ हवी असेल तर नळ्यांतून त्याच्या चार-पाच पट किंवा त्याहून जास्त पाणी फिरवावं लागतं. २१० मेगावॅटचा संच पूर्ण ताकदीने चालला तर तासाला जवळपास ७०० टन वाफ लागते. म्हणजे भिंतीच्या नळ्यांतून तासाला तीन-चार हजार टन पाणी फिरत असतं. एवढं कशासाठी? तर नळी थंड राहावी म्हणून.

शाळेत केलेला प्रयोग आठवा. कागदाच्या कपात पाणी भरून मेणबत्तीवर धरला तर कागद जळत नाही. पाणी आच ओढून घेतं. कपातलं पाणी संपलं की कागद पेटतो. भट्टीत आगीचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या बरंच वर जातं. साध्या पोलादाची नळी ४५० अंशांच्या आसपासच आपली ताकद गमवायला लागते. तरीही ती वर्षानुवर्षं त्या आगीत उभी राहते, कारण आतून साडेतीनशे अंशांच्या आसपासचं पाणी सतत तिची आच काढून घेत असतं. साडेतीनशे अंशांना पाणी कसं, असं कोणी विचारेल. दाबामुळे. कुकरमध्ये पाणी शंभरच्या वर जातं तसंच, फक्त इथला दाब कुकरच्या दीडशेपट.

आता विचार करा, एखाद्या नळीत पाणी कमी पडलं, किंवा पाण्याऐवजी वाफेचा थर नळीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसला तर? वाफ आच तेवढ्या वेगाने काढू शकत नाही. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच उडून न जाता नाचत राहतो, ते पाहिलंय ना? थेंबाच्या खाली वाफेची गादी तयार होते आणि तवा थेंबाला भिडत नाही. नळीच्या आत असंच झालं की काही मिनिटांत पोलाद लाल होतं, मऊ होतं, फुगतं आणि माशाने तोंड उघडावं तसं फाटतं. इंजिनिअर त्या फाटलेल्या नळीला खरंच ‘मासोळीचं तोंड’ म्हणतात.

एक नळी फुटली तर काय जातं?

नळी फुटली म्हणजे बॉयलरचा स्फोट झाला, असं नव्हे. बहुतेक वेळा आधी बारीक छिद्र पडतं, सुस्कार्‍यासारखा आवाज येतो, बॉयलर जास्त पाणी मागायला लागतो. अनुभवी ऑपरेटरला ते कळतं. पण त्या छिद्रातून निघणारी वाफ करवतीसारखी शेजारच्या नळ्या कापते. म्हणून थांबून चालत नाही, संच उतरवावाच लागतो.

मग भट्टी गार करायची, आत बांबू-पाइपांचा सांगाडा बांधायचा, फुटलेली नळी कापून नवा तुकडा वेल्ड करायचा, वेल्डिंगची तपासणी करायची, पाण्याच्या दाबाने चाचणी घ्यायची आणि मग तेल जाळून पुन्हा भट्टी पेटवायची. यात सहज दोन-तीन दिवस जातात.

२१० मेगावॅटचा एक संच एक दिवस बंद राहिला तर पूर्ण क्षमतेने मोजल्यास ५० लाख ४० हजार युनिट वीज कमी होते. पाच एचपीची मोटार तासाला ढोबळमानाने चार युनिट खाते असं धरा, आठ तास चालली तर ३२ युनिट. म्हणजे दीड लाखाहून जास्त मोटारींचं एका दिवसाचं ओलित. ६६० चा संच असेल तर दिवसाला १ कोटी ५८ लाख युनिट. ही वीज कुठून तरी आणावीच लागते. बाजारातून महाग घ्या, नाही तर भारनियमन करा. बाजारातून घेतली तर आज ना उद्या ती बिलातच येते.

आणि संच बंद असतो तेव्हा भट्टीत उतरतो कोण? बहुतांशी कंत्राटी कामगार. कोराडी, खापरखेडा, मौदा परिसरातल्या गावांतलीच पोरं. वेल्डर, फिटर, सांगाडा बांधणारे, हेल्पर. वर मागणी वाढलेली, लोड डिस्पॅच केंद्राचे फोन सुरू, साहेबांवर दबाव, म्हणून भट्टी पुरती गार व्हायच्या आत काम सुरू करण्याची घाई होते. उत्तर प्रदेशातल्या ऊंचाहारला १ नोव्हेंबर २०१७ रोजी एनटीपीसीच्या ५०० मेगावॅटच्या नव्या संचात भट्टीच्या तळाशी राखेचा ढीग साचला होता. संच चालू ठेवूनच तो मोकळा करण्याचं काम सुरू होतं. भट्टीतला दाब वाढला, गरम वायू आणि राख बाहेर फेकली गेली, ४० हून जास्त माणसं गेली. ते प्रकरण नळीतल्या पाण्याचं नव्हतं. पण ‘संच बंद करायचा नाही’ या हट्टाची किंमत कोण मोजतो, ते त्यातून दिसलं.

पाणी का अडतं?

आधी एक गोष्ट साफ करून टाकू. प्रत्येक ट्यूब लिकेज पाणी नीट न फिरल्यामुळे होत नाही. आपल्या कोळशात राख फार, शंभर किलोत ३५-४० किलो सहज. ती राख धुरासोबत वेगाने वाहते आणि धुराच्या वाटेवरच्या नळ्या बाहेरून घासून पातळ करते. सँडपेपरने घासावं तसं. ‘इकॉनॉमायझर ट्यूब लिकेज’ अशी बातमी असेल तर बहुतेक वेळा राखेचा हात असतो. भट्टीच्या भिंतीची, म्हणजे वॉटरवॉलची नळी फुटली, तर मात्र आत पाण्याचं काय चाललंय ते तपासावंच लागतं.

पाणी अडण्याचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे क्षार. ज्यांच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे त्यांना सांगायला नको. बोअरचं पाणी वापरलं की वर्षभरात बंबाच्या आतून पांढरा थर बसतो आणि तेवढ्याच लाकडांत पाणी तापेनासं होतं. हा थर पोलादाच्या तुलनेत पंचवीस-तीस पट वाईट उष्णतावाहक असतो. नळीच्या आत तो बसला की पाणी असूनही पोलादापर्यंत गारवा पोचत नाही. थर जाड झाला तर वाटही अरुंद होते. शिवाय थराच्या खाली रसायनं साचून पोलाद आतून कुरतडतात.

म्हणून वीज केंद्राच्या बॉयलरमध्ये आपल्या पिण्याच्या पाण्याहून कितीतरी शुद्ध, क्षार पूर्ण काढलेलं पाणी वापरतात. त्यातला प्राणवायूही काढून टाकतात, नाही तर गंज. तरी घोळ होतोच. टर्बाईनमधून निघालेली वाफ पुन्हा पाणी करण्यासाठी कंडेन्सर असतो. त्यातही नळ्याच असतात आणि त्यांच्यातून थंड करणारं साधं पाणी वाहतं. तिथे एक नळी गळली की साधं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतं आणि थेट बॉयलरकडे जातं. तास-दोन तासांत लक्षात आलं तर ठीक. ‘बघू, रविवारी लोड कमी असेल तेव्हा दुरुस्त करू’ म्हणून चार दिवस ढकललं, तर त्याचं फळ सहा महिन्यांनी भिंतीच्या नळीत मिळतं. तोवर कारण कोणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

इथे कोराडीचा खुलासा करायला हवा, कारण गावागावांत याबद्दल भलतंच ऐकू येतं. भांडेवाडीला प्रक्रिया केलेलं नागपूर शहराचं सांडपाणी कोराडी-खापरखेड्याला दिलं जातं, रोजचे १३ कोटी लिटर ही पहिल्या योजनेची क्षमता. ‘गटाराचं पाणी बॉयलरमध्ये घालतात म्हणून नळ्या फुटतात’ असं चावडीवर बोललं जातं. तसं नाही. हे पाणी मुख्यतः थंड करण्यासाठी, कूलिंग टॉवरच्या कामासाठी आहे. बॉयलरच्या आत ते तसंच्या तसं जात नाही. उलट जेवढं सांडपाणी तिथे वापरलं जाईल तेवढं पेंचचं पाणी वाचतं, आणि पेंचच्या कालव्यावर पारशिवनी, रामटेक, मौद्याचा धान उभा आहे. पण हेही खरं की थंड करणारं पाणी जेवढं खराब, तेवढी कंडेन्सरची गळती महागात पडते. म्हणजे गळती लवकर पकडण्याची जबाबदारी वाढते.

तिसरं कारण ऐकून हसू येईल. कचरा. दुरुस्तीच्या वेळी कापलेल्या नळीत वेल्डिंगचा गोळा, लोखंडी कीस, कापडाचा बोळा राहून जातो. संच सुरू होतो, तो बोळा नळीच्या तोंडाशी अडकतो, आणि आठवड्याभरात शेजारची नवीकोरी नळी फुटते. एका लिकेजची दुरुस्ती दुसऱ्या लिकेजला जन्म देते. पुन्हा-पुन्हा तोच संच त्याच कारणाने बंद होत असेल तर हा प्रश्न विचारायला जागा आहे.

नव्या बॉयलरचं गणित उलटं

कोराडीचा पहिला संच १९७४ चा. तेव्हाचे आणि त्यानंतरचे जुने संच ड्रमवाले. त्यातला सहाव्या क्रमांकाचा २१० मेगावॅटचा संच जागतिक बँकेच्या कर्जातून नूतनीकरणासाठी निवडला गेला होता. २०१५ ते २०१७ या काळात सुरू झालेले ६६० चे तीन संच मात्र ‘सुपरक्रिटिकल’. यांच्यात ड्रमच नाही.

२२१ बारच्या वर, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे २२० पट दाबावर, पाणी आणि वाफ हा फरकच उरत नाही. बुडबुडे नाहीत, उकळी नाही. एका टोकाने पाणी आत, दुसऱ्या टोकाने वाफ बाहेर, एकाच फेरीत. कोळसा कमी लागतो, म्हणून हे बॉयलर आले. आणि फायदा खरा आहे, त्यात शंका नाही.

पण ड्रमवाल्या बॉयलरचा एक मोठा गुण यात जातो. जुन्या पद्धतीत एखाद्या नळीला जास्त आच लागली तर तिच्यातलं पाणी जास्त हलकं होतं, जास्त जोरात वर जातं आणि खालून जास्त थंड पाणी ओढून घेतं. जिला गरज जास्त तिला पाणी जास्त, आपोआप. घरातली शहाणी आई जशी वाढते तसं. पंपाने ढकलणाऱ्या नव्या बॉयलरमध्ये उलटं होऊ शकतं. जास्त आच लागलेल्या नळीतलं पाणी फुगतं, वाट अडवतं, पंपाचं पाणी सोपी वाट धरून शेजारच्या नळीत जातं. जिला गरज जास्त तिलाच पाणी कमी. पाणीवाटपाच्या कालव्यावर शेपटाकडच्या शेतकऱ्याचं जे होतं ते इथे तापलेल्या नळीचं होतं.

यावर इंजिनिअरांनी उपाय काढले आहेत. काही बॉयलरमध्ये भिंतीच्या नळ्या सरळ उभ्या न नेता भट्टीभोवती तिरप्या गुंडाळतात, म्हणजे प्रत्येक नळी आगीच्या चारही बाजूंनी जाऊन सगळ्यांना सारखीच आच लागते. दुसरा उपाय म्हणजे नळीच्या आतून बंदुकीच्या नळीसारखे आटे पाडणं. त्यामुळे पाणी गिरक्या घेत वर जातं, जड पाणी भिंतीला चिकटून राहतं आणि वाफ मध्ये राहते. आटेवाली नळी महाग असते, पण कमी पाण्यातही थंड राहते. तिसरा उपाय साधा, नळ्यांच्या तोंडाशी कमी-जास्त भोकाच्या चकत्या बसवून पाण्याची वाटणी करणं. आपण ठिबकच्या लाईनला वॉल्व्ह लावून दाब सारखा करतो, तेच. मधल्या पिढीच्या ५०० मेगावॅटच्या अनेक बॉयलरना ड्रम असतो, पण पाणी फिरवायला सोबत पंपही दिलेले असतात.

सौर वीज आली, आणि बॉयलरचा दम लागला

खरी काळजीची गोष्ट इथून पुढे आहे, आणि तिच्यात आपणही आहोत.

दिवसा ओलिताला वीज द्या, ही शेतकऱ्याची जुनी मागणी. रात्री-अपरात्री पाणी द्यायला जायचं, साप-विंचू, रानडुकरं, आता वाघ. रामटेक-पारशिवनीकडच्या लोकांना हे सांगायला नको. त्यावर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा, १६ हजार मेगावॅटचं उद्दिष्ट. दिवसा सौर विजेवर कृषी फीडर. ही योजना चांगलीच आहे आणि ती पूर्ण झालीच पाहिजे.

पण सूर्य दुपारी असतो, संध्याकाळी सात वाजता नसतो. दुपारी सौर वीज भरपूर, म्हणून कोळशाच्या संचांना उत्पादन कमी करायला सांगतात. संध्याकाळी सौर वीज शून्य आणि घराघरांत पंखे-टीव्ही-कूलर सुरू, म्हणून झपाट्याने वाढवायला सांगतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये यासाठी नियमच केले. कोळशाच्या संचांनी ५५ टक्क्यांपर्यंत उत्पादन खाली आणता आलं पाहिजे, आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत.

हे बॉयलर बांधले गेले ते सतत एका लयीत चालण्यासाठी. आता त्यांना रोज दम धरायला आणि रोज धावायला सांगतोय. आग कमी केली की ती भट्टीत सारखी पसरत नाही, एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात कमी. पाण्याचा जोरही कमी होतो. काही नळ्यांत पाणी मंदावतं, क्वचित थांबतंसुद्धा. रोज तापणं-निवणं यामुळे पोलाद थकतं, तार वाकवून-वाकवून तुटते तसं. जोडावर, वेल्डिंगवर बारीक चिरा जातात. म्हणजे सौर पंप वाढतील तशा ट्यूब लिकेजच्या बातम्याही वाढू शकतात, आणि त्या नेमक्या संध्याकाळी येतील, जेव्हा सूर्य नसतो.

याचा अर्थ सौर वीज नको असा काढणारे भेटतील. तो अर्थ चूक आहे. पण सरकार सौर योजनेच्या जाहिरातीवर जेवढं बोलतं, त्याच्या एक आणाही जुन्या संचांच्या नळ्यांवर बोलत नाही. कमी लोडवर चालवायचं असेल तर आधी कुठल्या नळ्यांत पाणी कमी पडतं ते मोजायला हवं. नळ्यांवर तापमापक बसवायचे, आग सारखी पसरेल असे बर्नर आणि कोळशाच्या चक्क्या लावायच्या, वेळेवर आतून रासायनिक सफाई करायची, धोक्याच्या पट्ट्यात आटेवाल्या नळ्या टाकायच्या. याला पैसा लागतो आणि ठरवून घेतलेलं शटडाऊन लागतं. नवे संच उभारायला पैसा मिळतो, फीत कापायला मंत्री येतात. नळ्या साफ करायला फीत नसते. कोराडीत ६६० च्या आणखी दोन संचांचा प्रस्ताव आला तेव्हा मे २०२३ च्या जनसुनावणीत राख, धूर, पाणी यावर लोक पोटतिडकीने बोलले, आणि ते योग्यच होतं. पुढच्या कुठल्याही सुनावणीत हाही प्रश्न टाका: आहेत ते संच वर्षात किती दिवस ट्यूब लिकेजमुळे बंद होते?

हा आकडा गुप्त नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशातल्या संचांचा रोजचा अहवाल नॅशनल पॉवर पोर्टलवर टाकतं. कोणता संच कधीपासून बंद आहे आणि कशामुळे, हे त्यात असतं. ‘वॉटर वॉल ट्यूब लिकेज’, ‘इकॉनॉमायझर ट्यूब लिकेज’, ‘सुपरहीटर ट्यूब लिकेज’ असं स्वच्छ लिहिलेलं. अहवाल इंग्रजीत आहे, पण कोराडी, खापरखेडा, मौदा ही नावं शोधणं अवघड नाही. ग्रामपंचायतीतल्या एखाद्या पोराने महिनाभर हा तक्ता वहीत उतरवला तरी केंद्राच्या अधिकाऱ्यांशी बोलताना हातात काहीतरी असेल.

आता आपल्या गावातला बॉयलर

वीज केंद्रात निदान इंजिनिअर आणि प्रयोगशाळा तरी असते. मौदा, रामटेक, पुढे भंडारा-गोंदियाकडे उसना तांदूळ काढणाऱ्या राईस मिलमध्ये जो बॉयलर असतो, त्याच्याजवळ बहुधा धानाचा तूस टाकणारा एक माणूस असतो. दूध संघ, तेल गिरणी, कापड प्रक्रिया, साखर कारखाना, सगळीकडे बॉयलर आहेतच.

यातल्या लहान बॉयलरची रचना वेगळी असते. आग किंवा धूर नळीच्या आतून जातो आणि पाणी नळ्यांच्या बाहेर, टाकीत. घरच्या बंबासारखं. इथे पाणी फिरायला जागा भरपूर असते, पण पातळी उतरून वरच्या नळ्या उघड्या पडल्या की खेळ संपला. आणि अशा वेळी तापलेल्या नळ्यांवर घाईघाईने थंड पाणी सोडणं ही सगळ्यात मोठी चूक. आधी आग काढायची, पाणी नंतर.

क्षाराचा मार इथे जास्त बसतो, कारण पाणी बोअरचं. मिलमध्ये पाणी मऊ करणारी टाकी, ‘सॉफ्टनर’, बसवलेली असते. तिला ठरावीक दिवसांनी मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. मिठाची दोन पोती वाचवायची म्हणून ते टाळलं की टाकी नुसती शोभेची राहते आणि क्षार सरळ बॉयलरमध्ये जातो. तळाचा कॉक रोज थोडा उघडून गाळ सोडायचा असतो, त्याला ‘ब्लोडाऊन’ म्हणतात. गरम पाणी वाया जातं, तूस जास्त लागतो, म्हणून तेही टाळतात. साखर कारखान्यांत आणखी एक भानगड असते. वाफेचं परत आलेलं पाणी बॉयलरला पुन्हा देतात, त्यात रसाचा अंश आला तर बॉयलरमध्ये फेस होतो आणि नळ्या आतून खराब होतात. चांगले कारखाने दर पाळीत परतीच्या पाण्यात साखर आहे का ते तपासतात.

स्फोट झाला की सगळ्यालाच ‘बॉयलर फुटला’ म्हणायची आपल्याकडे रीत पडली आहे. २३ मे २०२४ ला डोंबिवलीत रासायनिक कारखान्यात मोठा स्फोट झाला, पहिल्या बातम्या बॉयलरच्याच होत्या, पुढे तो रासायनिक रिअ‍ॅक्टर असल्याचं समोर आलं. आपल्याच जिल्ह्यात उमरेड तालुक्यातल्या बेल्याला १ ऑगस्ट २०२० रोजी साखर कारखान्यात स्फोट होऊन ५ कामगार गेले, तीही बातमी ‘बॉयलर स्फोट’ म्हणूनच आली. नाव नीट घेणं यासाठी महत्त्वाचं की तपास कोणी करायचा आणि जबाबदार कोण, हे त्यावर ठरतं. बॉयलर असेल तर बाष्पके संचालनालय, बाकी यंत्र असेल तर कारखाना निरीक्षक.

कायदाही नुकताच बदलला आहे. १९२३ चा इंग्रजांच्या काळातला बॉयलर कायदा जाऊन बॉयलर अधिनियम २०२५ आला, १ मे २०२५ पासून लागू. २५ लिटरपेक्षा मोठा, दाबाखाली वाफ करणारा बॉयलर नोंदवल्याशिवाय आणि प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. ही मूळ अट कायम आहे. किरकोळ चुकांची शिक्षा दंडावर आणली, पण ज्यात जीव जाऊ शकतो अशा चार गंभीर गुन्ह्यांना फौजदारी शिक्षा ठेवली आहे. सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड हा त्यातलाच प्रकार. त्रयस्थ संस्थेकडून तपासणीची सोयही आहे. मालकांना ती आवडते, कारण सरकारी निरीक्षकाची वाट पाहावी लागत नाही. माझं मत विचाराल तर ज्याच्याकडून फी घ्यायची त्याचाच बॉयलर नापास करणं सोपं नसतं, म्हणून सरकारी निरीक्षकाने अधूनमधून अचानक येऊन पाहणं सुटता कामा नये.

गावातल्या मिलमध्ये किंवा कारखान्यात कोणी कामाला असेल तर त्याने चार गोष्टी बघाव्यात. बॉयलरच्या अंगावर नोंदणी क्रमांक कोरलेला आहे का. प्रमाणपत्र चालू तारखेचं आहे का आणि त्यावर किती दाबाची परवानगी लिहिली आहे. दाबाचा काटा त्याच्या खालीच राहतो का. पाण्याची पातळी दाखवणारी काच स्वच्छ आहे का, की क्षाराने पांढरी होऊन आत पाणी आहे की नाही तेच दिसत नाही. काच पांढरी झाली असेल तर आतल्या नळ्यांची गत वेगळी सांगायला नको. बॉयलरवर उभा असलेला माणूस प्रमाणपत्रधारक बॉयलर अटेंडंट असावा लागतो. शेजारच्या गावचा पुतण्या दोन महिने पाहून शिकला, एवढं पुरत नाही. यातलं काही नसेल तर तक्रार बाष्पके संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.